रमण्यातली येळवस

आमचं शेत रमण्यात गेलं ते माझ्या जन्माच्या आधी, त्यामुळे ते शेत म्हणून मी कधी पाहिलंच नाही. पाहिलं ते गवत. मांजरेच्या काठाला लागून सरकारनं एक मोठा पट्टा शिकारीसाठी राखून ठेवला होता, त्याला सगळे रमणा म्हणत. त्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण, एक लाकडी फाटक, फाटकापाशी दारोगाची कौलारू कोठी, आणि आत थेट नदीपर्यंत पुरुषभर उंचीचं गवत, पळस, जांभळी आणि शिंदीची दाटी. हैदराबादहून मोठे लोक हवा खायला, मासे धरायला, बंदुका चालवायला येत. आमच्यासारख्यांना आत पाऊल टाकायची बंदी. लाकूड नाही, चारा नाही, चुकलेलं वासरू हुडकायला जायचं तरी आधी कोठीवर जाऊन हात जोडायचे. वर्षातून फक्त एक दिवस ते फाटक आमच्यासाठी उघडत असे, आणि तो दिवस येळवशीचा.

आता तिथं तिकीट काढून कुणालाही जाता येतं. मागल्या हिवाळ्यात नातजावयानं हौसेनं मला जीपमधून नेलं. सिमेंटचे बाक आहेत, पोरांना झोपाळे आहेत, डोहात होडी फिरते, आणि फाटकातच जनावरांची चित्रं काढलेली एक पाटी आहे. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही, म्हणून त्यानं पाटी वाचून दाखवली: शांतता राखा, जनावरांना बिथरवू नका. मला हसू आलं. तो म्हणाला, "आज्जी, हसायलाव कामून?" मी म्हटलं, काही नाही रे, चल, मला बाकावर बसव. तो भला माणूस आहे, पण सगळं त्याला सांगत बसायला माझ्याजवळ दम नव्हता. कागदाला तेवढा दम लागत नाही, म्हणून इथं सांगते.

उदगीर-भालकीकडच्या माणसाला येळवस समजावून द्यावी लागत नाही. बाकीच्यांसाठी एवढंच, की मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळं गाव आपापल्या शेतात जेवायला जातं. चार दिवस आधीपासून घराघरात जात्याची घरघर चालू होते. माय ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबील मुरायला ठेवायची, तिचा आंबूस वास सोप्यापर्यंत यायचा आणि मी येता-जाता मडक्यावरचं फडकं वर करून नाक खुपसायची. मग पाठीत धपाटा बसायचा. आदल्या दिवशी तुरीच्या, वालाच्या, वाटाण्याच्या शेंगा सोलायला आळीतल्या सगळ्या बायका आमच्या अंगणात. त्या सगळ्या दाण्यांची, चिंचेच्या कोळाची आणि बेसनाची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर, वांग्याचं भरीत. मी पुढं बऱ्या घरी पडले, लग्नाकार्यात पुष्कळ खाल्लं, पण त्या भज्जीला जी चव होती ती परत कुठं लागली नाही. तिच्यात काय वेगळं पडत होतं कोण जाणे. मायला विचारलं तर म्हणायची, "हात."

आमच्या वाट्याला रमण्याच्या बदल्यात वरच्या माळावरची खडकाळ जमीन आली होती. तिथं येळवस करायला कुणाची ना नव्हती. पण अप्पा, म्हणजे माझे वडील, हट्टी माणूस. आमची सहा घरं अशी, की ज्यांची शेतं रमण्यात गेली. सगळ्यांचे पांडव आतच राहिले होते. पांडव म्हणजे शेताच्या कडेला झाडाखाली मांडलेले पाच दगड, येळवशीला त्यांना चुना-काव लावायचा, त्यांच्यावर कडब्याची कोप उभी करायची आणि नैवेद्य दाखवायचा. आमचे पळसाखाली होते, नदीच्या अगदी अंगाला. अप्पांचं म्हणणं, वर्षातून एकदा का होईना, घरच्या माणसांचे पाय त्या मातीला लागले पाहिजेत. "एक साल जरी चुकलं," ते म्हणत, "तर ह्या दारोगाच्या जागी दुसरा येईल आन म्हनंल, कंची येळवस आन कुनाची येळवस. मग बसा वर बगत." सही नाही, कागद नाही, पण त्यांना वाटे की तो एक दिवस चालू आहे तोवर शेत अजून पुरतं गेलेलं नाही. त्यांच्या या वेडाला मी हसत असे. आता त्यांच्याहून म्हातारी झाले, आता हसत नाही.

जेवणाच्या आधी आंबील शिंपायची असते. एकजण पुढं मडकं घेऊन चालतो, मागं घरातलं एखादं लेकरू डहाळी आंबिलीत बुडवून शेताच्या चारी बाजूंनी शिंपडत जातं आणि ओरडतं, "ओलगे ओलगे!" की बाकीचे जिथं असतील तिथून उत्तर देतात, "सालम पोलगे!" याचा अर्थ मला कुणी सांगितला नाही, मीही विचारला नाही. आमच्या घरात हाक माझी असायची आणि उत्तरात सगळ्यात मोठा आवाज अण्णाचा. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ माणिक. त्याचा गळा असा, की तो ओढ्यात बैल धूत असला तरी गावात कळायचं. रमण्यात सहाही घरं आपापल्या जुन्या जागी बसलेली, गवतामुळे कुणी कुणाला दिसत नसे. पण एका घरातून हाक गेली की काठानं सगळीकडून उत्तर यायचं. ते ऐकलं की अप्पा थांबायचे आणि डोळे मिटायचे.

मी अकराएक वर्षांची असेन त्या सालची गोष्ट. येळवस चार दिवसांवर असताना पाटलाचा माणूस घरोघर फिरला. कुणीतरी मोठे साहेब शिकारीला येणार, रमण्यात वाघरू उतरलंय, आजूबाजूच्या गावांतून दर घरटी एक माणूस हाक्याला द्यायचा. आमच्याकडे बिबट्याला वाघरू म्हणतात. आणि हाका म्हणजे गवतातून ओळ करून, डबे-पत्रे बडवत, जनावर बंदुकीच्या समोर काढायचं. आमच्या घरातून अण्णाचं नाव. त्याला त्याचं काही वाटलं नाही, उलट रॉकेलचा रिकामा डबा घेऊन दोन दिवस तो अंगणात बडवून बघत होता, मायनं तो काढून घेतला तेव्हा थांबला. नेमका दिवस कुणाला ठाऊक नव्हता. तो आदल्या दिवशी दुपारी कळला. दारोगा मदारसाब स्वतः आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. उंच, कृश माणूस, दाढी मेंदीनं लाल. एरवी ते आले की आधी माझी चेष्टा करायचे. त्या दिवशी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"अप्पा, सायब कलच बैठते बोल्या," ते म्हणाले. "मैं क्या करूं? तुमकू जबान दिया, फाटक खोलता. लेकिन आवाज नक्को. शिकार वरच्या अंगाला, तुमी खालच्या अंगाला. सूरज डोक्यावर आया की बाहर."

अप्पा म्हणाले, "आमी काय आवाज करायलाव? जेवायचं आन यायचं."

"वो ओलगे-ओलगे नक्को," मदारसाब म्हणाले. "हाकेवाले शिंग बजे तक गवतात चूप बसणार, एकेकाकडून कसम लिया मैं. जनावर बीच में बिथरलं तो उनके ऊपर जाता. तुम्हारा मानिक बी उधरच है, याद रखो."

ते गेल्यावर मायनं भांडी आदळायला सुरुवात केली. ती फार बोलायची नाही, भांडी बोलायची. शेवटी म्हणाली, "तोंडाला पदर लावून करायची ती येळवस न्हवं, सुतक हाय ते. माळावर जाऊ की औंदा. पांडव काय पळून जायलेत?" ती पुन्हा म्हणाली, "माजं लेकरू तिकडं गवतात बसनार, आन मी हिकडं खीर खाऊ व्हय?" यावर अप्पांनी एवढंच म्हटलं, की गेलो नाही तर पुढच्या साली फाटक उघडणार नाही. अण्णा हसत होता. मायला म्हणाला, "माझ्या वाटनीचे उंडे ठिव. दुपारी येतो."

आम्ही दिवस वर यायच्या आत निघालो. अण्णा त्याच्याही आधी गेला होता. गाडीत कडब्याच्या पाच पेंढ्या, आंबिलीचं मडकं, टोपल्या, माय आणि मी. फाटकापाशी बैल थांबले. आमचे बैल मवाळ, कधी आडमुठेपणा न केलेले, पण त्या दिवशी ते नाक फेंदारून उभे राहिले आणि मागं सरायला लागले. अप्पांनी आधी चुचकारलं, मग शेपट्या पिळल्या, मग उतरून स्वतः जू धरून त्यांना आत ओढलं. फाटकावरचा शिपाई ओठावर बोट ठेवून आमच्याकडे बघत होता. दर वर्षी तो मायकडून पोळी मागून घ्यायचा. मायनं आपणहून दोन पोळ्या पुढं केल्या, त्यानं मान हलवली.

ओढ्याच्या उताराला गाडी सावकाश न्यावी लागते म्हणून माय आणि मी उतरून चाललो. तळाशी ओली वाळू होती. तिथं मी माग पाहिला. कुत्र्यापेक्षा मोठा, गोल, नख्यांची खूण नसलेला. त्याच्यात आजूबाजूचं पाणी अजून पाझरून येत होतं, अर्धाच भरला होता. म्हणजे जनावर नुकतंच गेलेलं. जनावर कुठल्या दिशेनं गेलं तेही दिसत होतं: वरच्या अंगाला नाही, आमच्या अंगाला. मी वर पाहिलं तर मायही तिकडंच बघत होती. तिनं काही न बोलता त्याच्यावर पाय ठेवला आणि वाळू सारखी केली. मग माझं मनगट धरलं आणि उतार चढून वर आली. तिनं अप्पांना का सांगितलं नाही, हे मी पुष्कळ वर्षांनी तिला विचारलं. ती म्हणाली, सांगितलं असतं तर ते परत फिरले असते, आणि मग उरलेला सगळा जन्म मला म्हणाले असते की तुझ्यापायी शेत गेलं. मला वाटतं ती खरं बोलली. नवरा-बायकोत असं खूप असतं.

रमण्यात एरवी पाखरांचा नुसता कालवा असायचा. त्या सकाळी काही नव्हतं. नदीचं पाणी डोहात दाटलेलं, त्यावर एक पानही हलत नव्हतं. अप्पांनी गवत दाबून जागा केली, दगडांना चुना लावला, कोप उभी केली. आम्ही सगळं खुणांनी करत होतो. पितळी परातीवर पळी आपटू नये म्हणून मायनं तिला फडकं गुंडाळलं होतं. शेजारच्या जागी तुकारामकाकाचं घर आलं होतं, त्यांचं तान्हं एकदा रडलं आणि लगेच थांबलं. त्याला अंगावर घेतलं असणार. मला सारखं वाटत होतं की गवताच्या पलीकडून कुणीतरी आपल्याला बघतंय. हे मी आता लिहिताना घालत नाही, तेव्हाच वाटत होतं, आणि मी ते मायला सांगितलंही. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तिच्या हाताला लसणाचा वास होता. दूर वरच्या अंगाला एका झाडावर मचाण बांधलेलं दिसत होतं, त्यावर काहीतरी पांढरं हललं. साहेब बसले होते. तिथून खाली ओढ्यापर्यंत गवतात माणसंच माणसं बसली होती, पण एकही दिसत नव्हतं, आणि त्यातलं एक आमचं होतं.

नैवेद्य झाला. अप्पांनी मडकं उचललं आणि माझ्या हातात जांभळीची डहाळी दिली. खाली वाकून कानात म्हणाले, "मनात म्हन. मनात म्हनलं तरी पोचतं." मी मान डोलावली. ते पुढं, मी मागं. पहिली बाजू नदीची. मी डहाळी बुडवायची, शिंपडायची, आणि मनात म्हणायची. दुसरी बाजू तुकारामकाकाच्या अंगाची. त्यांची सूनही डहाळी घेऊन मुक्यानंच चालली होती, आमची नजरानजर झाली. तिसरी बाजू. दर पावलाला ती हाक गळ्यापर्यंत येत होती आणि मी ती गिळत होते. लहान मुलाला हसू दाबायला सांगितलं की जसं होतं तसं झालं होतं, फक्त ते हसू नव्हतं. चौथी बाजू ओढ्याकडची. तिथं गवत सगळ्यात उंच. मी डहाळी वर केली आणि माझ्यासमोर, दहा हातांवर, गवताचे शेंडे हलले. वारा नव्हता. ते थांबले, पुन्हा हलले, आणि मधे एक पिवळा पट्टा दिसला, त्यावर काळे ठिपके. मला किंचाळायचं होतं. पण सकाळपासून तोंडात एकच गोष्ट कोंबलेली होती, तीच बाहेर आली. "ओलगे ओलगे!"

आणि उत्तर आलं. मला आजही त्यांना दोष देता येत नाही. कोपीपासून मायच ओरडली, सगळ्यात आधी, "सालम पोलगे!" मग तुकारामकाकाच्या घरानं, मग त्यापलीकडच्यांनी, मग काठानं शेवटपर्यंत. सकाळपासून सगळ्यांनी दाबून धरलेलं एकदम सुटलं. आणि तेवढ्यावर राहिलं नाही. ओढ्यापलीकडच्या गवतातून, जिथं हाकेवाले शपथ घेऊन बसले होते, तिथूनही पुरुषांचे आवाज आले. तेही त्याच गावांचे, त्यांनीही जन्मभर ते उत्तर दिलेलं. आणि खरं सांगायचं तर एक क्षणभर मला आनंद झाला. एवढा मोठा आवाज रमण्यात कधी झाला नव्हता. अप्पांच्या पाठीकडे मी पाहिलं, ते ताठ उभे राहिले होते. मग बंदूक वाजली.

एकदा वाजली, पुन्हा वाजली. गवत आमच्यापासून दूर, ओढ्याकडे फाटत गेलं. पलीकडून एक माणूस ओरडला, ते ओरडणं मला ओळखू आलं नाही, पण मायला आलं. ती उठून सरळ गवतात धावली. अप्पांनी मडकं खाली ठेवलं, सांडू नये अशा बेतानं ठेवलं, आणि तिच्यामागं गेले. मी त्या मडक्यापाशी उभी राहिले. कुणी मला बोलावलं नाही, कुणी हाकललं नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग चौघांनी अण्णाला घोंगडीत घालून आणलं. खांद्यापासून कोपरापर्यंत आणि मांडीवर मांस उघडं पडलं होतं. तो शुद्धीवर होता. कोप मोडून तिच्या कडब्यावर त्याला गाडीत निजवलं आणि घरी आणलं. वाटेत बैल एकदाही थांबले नाहीत. वाघरू संध्याकाळी ओढ्यात मरून पडलेलं सापडलं, साहेब त्याचं कातडं घेऊन परत गेले.

दुसऱ्या दिवशी मदारसाब चौकशीला आले. पहिली हाक कुणाची, हे त्यांना वर कळवायचं होतं. अप्पा म्हणाले, "माजी." मदारसाबनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझा आवाज ठाऊक होता, दर वर्षी ते कोठीच्या पायरीवर बसून तो ऐकायचे. त्यांनी कागदावर अप्पांचं नाव लिहिलं. जाताना खिशातून जांभळ्या औषधाची पुडी काढून मायच्या हातात दिली, जखम धुवायला. पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली असं कळलं.

अण्णा त्यानंतर अकरा दिवस होता. पहिले चार दिवस आम्हाला वाटलं वाचेल. वैद्य यायचा, हळद-तूप भरायचा, जांभळ्या पाण्यानं धुवायचा. पाचव्या दिवशी जखमेला वास सुटला आणि ताप चढला. बीदरच्या दवाखान्यात न्यायचं म्हटलं, पण गाडीचा धक्का त्याला सोसेना, गावाच्या वेशीवरून परत आणला. माझं काम माशा वारायचं. मी शिंदीच्या झावळीनं वारा घालत दिवसभर त्याच्या उशाशी बसायची. घरात माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही. कुणी एक शब्दही बोललं नाही. तेच मला सोसत नव्हतं. एका दुपारी माय विहिरीवर गेली होती, तो डोळे मिटून होता, आणि मी रडायला लागले.

"गोदे, रडायलीस कामून?" तो डोळे न उघडता म्हणाला.

मी म्हटलं, "माझ्यामुळं झालं. मी वरडले म्हनून झालं."

"तू एकटीच वरडलीस व्हय?" तो म्हणाला. मग दम घेऊन, "समदे वरडले. मी बी वरडलो की. सालम पोलगे. समद्याच्या वर माजाच आवाज हुता. तुला ऐकू आला न्हाई व्हय?"

मी दोनदा झावळी फिरवली. मग म्हटलं, "आला."

त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि हसला. ओठ फुटलेले होते त्यामुळे हसताना दुखलं असणार. म्हणाला, "मग. येळवस हाय ती. कुनाच्यानं गप बसवंल?" आणि पाणी मागितलं. त्यानंतर तो माझ्याशी पुष्कळ बोलला, पण त्या विषयावर नाही. तो गेला तेव्हा सकाळ होती, माय त्याच्या पायाशी बसली होती आणि मी दारात ज्वारी पाखडत होते.

पुढच्या येळवशीला फाटक उघडलं नाही. अप्पा तिथं गेले, दुपारपर्यंत बाहेर बसले, आणि मडकं तसंच परत घेऊन आले. त्यानंतर आमची येळवस माळावर व्हायला लागली. हाक दुसरं कुणीतरी द्यायचं. माझं लग्न झालं, मी उदगीरकडे आले, मुलंबाळं झाली. सासरच्या शेतात मी सालम पोलगे म्हणायला शिकले, आणि दर वेळी म्हणताना मला अण्णाचा आवाज ऐकू यायचा. म्हणजे त्या दिवशीचा. ओढ्याच्या पलीकडून, सगळ्यांच्या वर, तो मोठा फाटका गळा. त्यानंही उत्तर दिलं होतं, हा मला आधार होता. माझी हाक ही मग माझी चूक राहत नव्हती, ती आम्हा सगळ्यांची येळवस होत होती, आणि तोही त्यात होता. मी या आधारावर संसार केला, यात अतिशयोक्ती नाही.

मी चाळिशीत असताना आमच्या दारात घोंगड्या विकायला बिरूअण्णा आला. माहेरच्या गावचा, धनगराच्या घरातला, अण्णाच्या बरोबरीचा. त्या दिवशी तो हाक्याच्या ओळीत अण्णाच्या शेजारी बसलेला होता, हे मला ठाऊक होतं, पण आम्ही दोघं कधी त्याबद्दल बोललो नव्हतो. मी त्याला भाकरी वाढली. माहेरचं माणूस म्हणून खुशाली विचारली. जेवता जेवता त्यालाच आठवण झाली.

"मान्क्यावानी सबदाचा मानूस म्या बगितला न्हाई अक्का," तो म्हणाला. "आमी समदे वरडलाव. दारोगाची शपथ घेतली हुती, पर ओलगे आलं आन तोंड उघडलं. काय करावं? त्यो तेवढा एकटा गप. पटक्याचा शेमला तोंडात कोंबला आन दोनी हातांनी दाबून धरला. डोळ्यातनं पानी आलतं त्याच्या. म्या बाजूलाच हुतो की."

मी म्हटलं, "तो वरडला न्हाई?"

"न्हाई न्हाई. म्हनून तर." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "गोळी लागलेलं जनावर कल्लोळाकडं कामून जाईल? जिकडं गप हाय तिकडनंच निसटायचं बगतंय ते. समद्या वळीत गप जागा तेवढी एकच हुती." मग माझ्याकडे पाहून तो थांबला. "तुला ठाव न्हवतं व्हय अक्का?"

मी म्हटलं, ठाऊक होतं. त्याला आणखी भाकरी वाढली, एक घोंगडी घेतली, आणि तो गेल्यावर गोठ्यात जाऊन बसले. मला अण्णाचा राग आला. इतकं पाठ करून ठेवलेलं, इतकी वर्षं ऐकलेलं ते उत्तर त्यानं दिलंच नव्हतं, आणि मी म्हटलं होतं की मला ते ऐकू आलं. तो हसला होता ते त्यावर. माझं खोटं त्याला त्याच क्षणी कळलं. त्याचं मला कळायला तीस वर्षं लागली.